फोन न उचललेल्यांची नावं वहीत ठेव

पत्र

ताई, मी 24 वर्षांची आहे. नाशिकमध्येच बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं. पाच महिन्यांपासून एका व्यसनमुक्ती केंद्रात नोंदी ठेवते आणि समुपदेशकांना मदत करते. माझे बाबा सातपूरला कारखान्यात आहेत. ते बरीच वर्षं पीत होते. आता चार वर्षं झाली, बंद आहे. मला व्यसन या विषयावरच संशोधन करायचंय. कॉलेजातले सर म्हणतात, करायचंच तर लॅबमध्ये मेंदूवर कर. केंद्रातलं काम ही समाजसेवा झाली, ते सायन्स नाही. आई म्हणते, पिणाऱ्या माणसांत दिवसभर वावरणाऱ्या मुलीला स्थळं कशी येतील? त्यातच केंद्राच्या व्यवस्थापकांनी माहितीपत्रकासाठी आकडा मागितलाय. वर्षभरात उपचार घेऊन घरी गेलेल्या 100 जणांना मी फोन केले. 40 जणांनी उचलला. त्यांतले 32 म्हणाले, पीत नाही. व्यवस्थापक म्हणतात, लिही ‘80 टक्के यश’. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते धड सांगता येत नाही. मी सुरुवात कुठून करू? लॅब की केंद्र? आणि मुलाखतीत बाबांचं सांगायचं की लपवायचं?

(नवीन नाशिक. नाव न छापण्याची विनंती.)

उत्तर

तू ताई म्हणालीस, म्हणून मी सरळ अगं-तुगंवर येते.

तू प्रश्न विचारलेस करिअरचे, लॅबचे, बाबांचे. पण पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते ‘पटत नाही, पण का ते सांगता येत नाही’ हे वाक्य. म्हणून आधी त्या 80 टक्क्यांकडे वळते. या विषयातलं तुझं शिक्षण तिथेच सुरू झालंय.

100 जण घरी गेले. 60 जणांचा फोन लागला नाही किंवा त्यांनी उचलला नाही. हे 60 जण कोण? कुणाचा नंबर बदलला असेल. कुणी गावी गेला असेल. कुणी मोबाइल विकून प्यायला असेल. कुणी आज पुन्हा पितोय आणि स्क्रीनवर केंद्राचा नंबर दिसला की लाजेनं फोन उलटा ठेवतो. एखादा अगदी ठणठणीत असेल, पण आयुष्यातलं ते पान त्याला पुन्हा उघडायचं नसेल. आणि एखादा आता या जगात नसेल. यांतलं काहीच आपल्याला ठाऊक नाही. व्यवस्थापकांचं गणित या 60 जणांना हिशोबातूनच काढून टाकतं: भागायचं 100 नं, ते भागतात 40 नं. 100 नं भागलंस तर हातात येतात 32. सगळे 60 जण सुधारले असं धरलंस तर येतात 92. म्हणजे तुझ्याजवळच्या माहितीवरून खरा आकडा 32 ते 92 यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. एवढ्या रुंद नदीत ‘80’ नावाचा खांब रोवता येत नाही. सिगारेट सोडवण्याच्या अनेक अभ्यासांत तर नियमच असतो की ज्याचा पत्ता लागला नाही, तो अजून ओढतोय असंच धरायचं.

आणि त्या 32 जणांनी सांगितलं कुणाला? केंद्रातल्या मॅडमना. ज्यांनी दहा दिवस हात धरून डिटॉक्समधून, म्हणजे दारू शरीरातून उतरवण्याच्या उपचारातून, बाहेर काढलं, त्यांना ‘परवा पुन्हा घेतली’ असं सांगणं किती जड जातं, हे तुझ्या घरात तू बघितलं असशील. म्हणून व्यवस्थापकांना लिहून दे: ‘100 जणांना फोन केले, 40 जणांशी बोलणं झालं, त्यांपैकी 32 जण त्यांच्या सांगण्यानुसार पीत नाहीत, 60 जणांची माहिती मिळाली नाही.’ हे वाक्य माहितीपत्रकात शोभणार नाही, हे मला समजतं. केंद्र चालवणारा माणूस वाईट असतो असं नाही. त्याला भाडं भरायचं असतं, आणि रडत आलेल्या बायकोला काहीतरी आशा द्यायची असते. तुझा शांतपणे मांडलेला हिशोब त्यांना पटूही शकतो. नाहीच पटला, तर आकड्याखाली तुझं नाव नको म्हणून सांग, आणि तुझी वही जपून ठेव. वहीतली त्या 60 जणांची नावं खोडू नकोस, त्यांच्याकडे मी शेवटी येते.

खरे आकडे कसे दिसतात, त्याचं एक उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातलं. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेनं 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला. तो 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. अतिमद्यपान करणारे 377 पुरुष. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते की सायकॉलॉजिस्टही नव्हते. मानसिक आरोग्याचं आधी कुठलंही शिक्षण न घेतलेली साधी माणसं शिकवून तयार केली होती. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं. नेहमीचाच उपचार मिळालेल्यांत हेच प्रमाण 26 टक्के होतं. तुझ्या केंद्रात दाखल होणाऱ्यांचं व्यसन याहून पुढच्या पायरीचं असतं, तेव्हा थेट तुलना करू नकोस. पण मला दाखवायचंय ते हे: जगातल्या मोठ्या नियतकालिकानं कौतुकानं छापलेला आकडा 36 आहे, आणि त्याच्या शेजारी 26 लिहिलेला आहे. उपचाराचं श्रेय आहे मधल्या 10 टक्क्यांचं. वेगळं काही न करताही बरीच माणसं पिणं कमी करतात, हे मान्य करूनच पुढे जायचं असतं. ‘नाहीतरी काय झालं असतं?’ हा प्रश्न मनात पक्का बसला की संशोधनाची अर्धी पद्धत आली.

आणखी एक आकडा जवळ ठेव. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’च्या व्यसनोपचार केंद्रानं देशभर पाहणी केली, तिचा अहवाल 2019 साली आला. त्यानुसार दारूचं अवलंबित्व असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो. तुझ्या केंद्राच्या खाटेवर बसलाय तो हा एक. त्याच्या मागे बायको आहे, किंवा भाऊ आहे, किंवा नोकरी टिकवायची धमकी आहे. उरलेले 37 जण सातपूर-अंबडच्या पाळ्यांत आहेत, निफाडच्या बागांत आहेत, पंचवटीत रिक्षा चालवताहेत. केंद्रात बसून जे दिसेल ते त्या एकाबद्दलचं असेल, सगळ्या पिणाऱ्यांबद्दलचं नसेल.

आता लॅब की केंद्र.

तुझे सर लॅबला सायन्स म्हणतात ते बरोबर, पण केंद्रातल्या कामाला सायन्स म्हणत नाहीत ते चूक. 1954 साली मॉन्ट्रियलमध्ये ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. खटका दाबला की मेंदूच्या एका ठराविक भागाला विजेचा सौम्य झटका मिळायचा, आणि उंदीर तासाला शेकडो वेळा तो खटका दाबत बसायचे. व्यसन म्हणजे चारित्र्याचा दोष, ही समजूत हलवण्याचं मोठं काम अशा प्रयोगांनी केलं. सकाळी ‘आजपासून बंद’ म्हणणारा माणूस संध्याकाळी देशीच्या दुकानासमोरून जाताना का वळतो, वासानं, ओळखीच्या कोपऱ्यानं, पगाराच्या पाकिटानं त्याच्या आत काय हलतं, हे आज आपण बरंच सांगू शकतो ते लॅबमुळेच. तुझी बायोकेमिस्ट्री वाया जाणार नाही.

पण 1971 साली व्हिएतनामहून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी माग काढला, तोही वाच. तिथे असताना जवळजवळ पाचातला एक सैनिक हेरॉइन-अफूच्या आहारी गेला होता. सगळ्यांना वाटलं, आता हे सगळे घरी येऊन गल्लीगल्लीत नशा करणार. परतल्यानंतर पहिल्या वर्षात त्यांतल्या साधारण 5 टक्क्यांनाच पुन्हा व्यसन लागलं. पदार्थ तोच, मेंदूही तोच. बदललं ते ठिकाण, संगत, रोजचा दिवस. हे उंदराच्या पिंजऱ्यात समजलं नसतं. माणसांच्या दारात जाऊन, लघवीचे नमुने घेऊन, चिकाटीनं विचारूनच समजलं.

म्हणून यांतलं एकच निवड असं मी तुला सांगणार नाही. आपल्याच देशात बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकारानं ‘सी-वेदा’ नावाचा अभ्यास चालू झाला. सात ठिकाणची 6 ते 23 वयाची मुलं-मुली त्यात आहेत, आणि मेंदूच्या स्कॅनपासून घरातल्या वातावरणापर्यंत सगळं एकत्र नोंदवलेलं आहे. पुढचं काम अशा जोडकामाचंच आहे. मात्र क्रम विचारशील तर माझं मत ठाम आहे: आधी किमान एक वर्ष माणसांजवळ बस, आणि बसताना मोजायला शिक. लॅबमधली तंत्रं नंतर शिकता येतात. माणसाला प्रश्न कसा विचारायचा हे वेळेवर नाही शिकलं, तर पुढे मोठ्या पदावर बसून चुकीचे प्रश्न छापले जातात.

मी छापलेत. माझी पहिली पाहणी दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात होती. प्रश्नावलीत ओळ होती, ‘तुम्ही तंबाखू सेवन करता का?’ दुपारपर्यंत मी 20 बायकांना विचारलं. वीसच्या वीस ‘नाही’. मी खूश. विसाव्या घरातल्या आजींनी मला चहा दिला, आणि माझ्यासमोरच ओट्यावर बसून त्यांनी कनवटीची डबी उघडली. बोटावर काळी पूड घेऊन हिरड्यांवर फिरवायला लागल्या. सावकाश, डोळे मिटून, दहा मिनिटं. मशेरी. मी म्हटलं, ‘आजी, तुम्ही तर तंबाखू नाही म्हणालात.’ त्या म्हणाल्या, ‘तंबाखू कुठं खाते? दात घासते.’ तंबाखू त्यांनी स्वतः तव्यावर काळी होईपर्यंत भाजली होती, पाट्यावर वाटली होती, आणि दिवसातून पाच वेळा ‘दात घासत’ होत्या. मी त्या 20 घरांत दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि या वेळी विचारलं, ‘दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा?’ वीसपैकी अकरा. खोटं कुणीच बोललं नव्हतं, चूक होती ती माझ्या प्रश्नात.

दारूचंही असंच. ‘दारू पिता का?’ ‘नाही.’ ‘बिअर?’ ‘बिअर काय दारू आहे का मॅडम?’ जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही प्रश्नावली तू केंद्रात बघितली असशील. 10 प्रश्न, जास्तीत जास्त 40 गुण, 8 किंवा अधिक आले की लक्ष द्यायचं. त्यातला दुसरा प्रश्न आहे, पिता त्या दिवशी साधारण किती ड्रिंक्स घेता? समोरचा म्हणतो, ‘एकच. एक क्वार्टर.’ आणि नवखा मुलगा फॉर्मवर लिहितो: 1. आता हिशोब कर. क्वार्टर म्हणजे 180 मिली. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे साधारण 77 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात 61 ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे 10 ग्रॅमचं एक माप धरतात. त्याची ‘एकच’ म्हणजे सहा मापं झाली. आठवडाभर असे फॉर्म भरले तर अख्खा सातपूर संयमी दिसायला लागेल! रिकाम्या बाटल्या आणि घरातले पेले घेऊन बस. 30, 90, 180 कुठपर्यंत येतं ते पाण्यानं भरून बघ. हे मी प्रत्येक नव्या मुलाकडून करून घेते, त्याचं एम.डी. झालेलं असलं तरी.

मागच्या महिन्यात किती प्यायलात, असं विचारलं की कुणालाच आठवत नाही. त्यासाठी दिनदर्शिका समोर ठेवून मागे मागे जायची पद्धत आहे. इंग्रजीत तिला ‘टाइमलाइन फॉलोबॅक’ म्हणतात. तिच्यात खुणा आपल्या भरायच्या. पगाराची तारीख, सुट्टीचा वार, बाजाराचा दिवस, मेव्हण्याचं लग्न, वणीची यात्रा, पोळा, द्राक्षाच्या गाड्या भरायचे दिवस. ‘यात्रेला गेलात त्या दिवशी?’ म्हटलं की माणूस हसतो आणि सांगायला लागतो. परदेशातून आलेल्या छापील कॅलेंडरमध्ये पोळा नसतो, तो तुला घालावा लागेल.

इथे तुझं मराठी कामाला येतं. एका भाषांतरित प्रश्नावलीत ‘क्रेव्हिंग’साठी ‘लालसा’ लिहिलं होतं. लोक नुसते बघत राहायचे. एकानं विचारलं, ‘लालसा म्हणजे पैशाची का?’ आम्ही ‘तलफ’ लिहिलं आणि पुढचं सगळं सरळ झालं. तलफ कधी येते, तलफ आली की काय करता, तलफ किती वेळ टिकते. इंग्रजीतून मराठीत केलेलं भाषांतर, मग ते दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून मूळाशी ताडून बघणं, हे नीट शिकलेली मुलं आपल्याकडे फार थोडी आहेत. इंग्रजी वाचायची सवय मात्र रोज लावून घे. दिवसाला एक शोधनिबंध, त्यातही आधी ‘पद्धती’चा भाग.

आता वाटा. तुझ्या कानावर ‘डी.एम. ॲडिक्शन सायकियाट्री’ आलं असेल. ते मानसोपचारात एम.डी. केलेल्या डॉक्टरांसाठी आहे. तुझी वाट पीएच.डी.ची. त्यासाठी नेट-जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) किंवा आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, जेआरएफ परीक्षा दे. फेलोशिपचे महिन्याला 37 हजार मिळतात (आईला हा आकडा जरूर सांग). परीक्षेची तयारी करता करता आयसीएमआरच्या पैशावर चालणाऱ्या एखाद्या प्रकल्पात सहायक म्हणून लाग. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाच्या पायाभूत गोष्टींवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, तो कर. ‘निम्हान्स’, ‘एम्स’चं गाझियाबादचं केंद्र, चंदीगडचं पीजीआय, गोव्याचं ‘संगाथ’ ही नावं लिहून ठेव. तंबाखूकडे वळलीस तर नवी मुंबईतली ‘हीलिस’. महाराष्ट्रातलं काम जवळून बघायचं असेल तर पुण्याचं ‘मुक्तांगण’, जे 1986 पासून चालू आहे. आणि गडचिरोली, जिथे 1993 पासून दारूबंदी आहे आणि 2016 पासून ‘मुक्तिपथ’ हे अख्ख्या जिल्ह्यातली दारू-तंबाखू कमी करण्याचं आणि ती कमी झाली का हे मोजण्याचं काम चालतं. हे वाचणारं एमबीबीएसचं कुणी असेल तर त्यांच्यासाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी-शिष्यवृत्ती आहे. तिच्यातून छोटा का होईना, पण स्वतःचा प्रश्न घेऊन पूर्ण अभ्यास करता येतो.

संस्थेच्या नावापेक्षा गाईड बघ. त्यांच्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांना फोन कर आणि एवढंच विचार: अपेक्षेच्या उलट निकाल आला तेव्हा सर काय म्हणाले? या एका उत्तरात सगळं समजतं.

प्रश्न निवडताना बातम्यांच्या मागे धावू नकोस. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, कारखाना सापडला, तेव्हापासून नाशिकमध्ये व्यसन म्हटलं की सगळे एमडीच म्हणतात. ते गंभीर आहेच. पण 2019 च्या त्याच अहवालात देशात दारू पिणारे 14.6 टक्के आहेत, आणि तंबाखू तर 2016-17 च्या पाहणीत 28.6 टक्के प्रौढांमध्ये आहे. आणि मालेगावात ‘कुत्ता गोली’ म्हणून जी विकली जाते ती अल्प्राझोलम, झोपेच्या-चिंतेच्या औषधांच्या कुळातली. ती रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. ती मुलं कशी सुरुवात करतात, कुणाकडे मदत मागतात, या प्रश्नाचं उत्तर दिल्लीहून कुणी येऊन शोधणार नाही.

दोन गोष्टी मात्र मला तुला बजावून सांगायच्यात.

पहिली संमतीची. तू केंद्रात समुपदेशकांना मदत करतेस आणि उद्या तिथेच अभ्यास करशील. ज्या मॅडम जेवणाची वेळ सांगतात, घरी फोन लावून देतात, त्यांनी ‘फॉर्मवर सही कराल का?’ म्हटल्यावर दाखल झालेला माणूस नाही कसं म्हणेल? त्याचे हात थरथरत असतात, झोप झालेली नसते. विड्रॉवल, म्हणजे नशा बंद केल्यावर शरीराला होणारा हा त्रास, उतरेपर्यंत थांब. संमती दुसऱ्या कुणीतरी घ्यावी. आणि ‘नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही’ हे वाक्य नुसतं छापून ठेवू नकोस, वाचून दाखव. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतला असुरक्षित गटांचा भाग पाठ व्हावा इतक्यांदा वाच. चरस, गर्द, एमडी घेणारा माणूस तुला जे सांगतो ते कायद्यानं गुन्हा असतं. त्याचं नाव आणि त्याची उत्तरं कधीही एका कागदावर ठेवू नकोस.

दुसरी पैशाची. आपलं गाव द्राक्षाचं आणि वाइनचं. ‘रोज थोडी वाइन हृदयाला चांगली’ हे तू कॉलेज रोडवर शंभरदा ऐकलं असशील. अमेरिकेत हेच तपासायला 10 कोटी डॉलरचा अभ्यास आखला गेला होता. त्यातला मोठा पैसा मद्यकंपन्यांकडून येत होता, आणि अभ्यासाची आखणीच त्यांच्या सोयीची होतेय असं दिसल्यावर 2018 साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तो बंद केला. तुझ्याकडेही कधी असा चेक येईल, बहुधा प्रकल्प अडलेला असतानाच. घेऊ नकोस. वाइन करणाऱ्यांत माझे स्नेही आहेत, चांगली माणसं आहेत. तरीही नको.

आता बाबा.

घरात व्यसन बघितलेलं असणं म्हणजे कमीपणा नाही, आणि आपोआप मिळालेली पात्रताही नाही. रात्री फाटकाच्या कडीच्या आवाजावरून आज काय होणार ते ओळखणारं मूल मोठं होऊन माणसं लवकर वाचतं, हे खरं. पण त्याच मुलाला समोरच्या प्रत्येक माणसात आपले बाबा दिसतात, हेही खरं. कुणी पुन्हा प्यायला की तुला राग येईल, आणि तो राग तुझ्या नोंदीत उतरेल. सोडलेल्याला तू दोन प्रश्न कमी विचारशील, कारण तुला त्याचं खरं वाटायला हवं असेल. म्हणून संशोधनाच्या वहीबरोबर दुसरी एक वही ठेव. ‘आज अमक्याशी बोलताना मला काय झालं’ एवढंच त्यात लिही. आठवड्यातून एकदा अनुभवी माणसाशी त्यावर बोल. ज्यांच्याशी तू बोललीस त्यांतलं कुणीतरी जाईल. हे या कामात होतंच, आणि तेव्हा एकटी राहू नकोस.

मुलाखतीत सांगायचं की नाही, हे ठरवायच्या आधी बाबांना विचार. चार वर्षांची त्यांची कमाई आहे ती, आणि गोष्टही त्यांचीच. ते हो म्हणाले तर एका वाक्यात सांग: ‘घरात व्यसन आणि त्यातून बाहेर येणं दोन्ही बघितलंय, त्यामुळे माझा कल कुठे झुकू शकतो हे मला ठाऊक आहे.’ पुढे रडकथा नको. ते नको म्हणाले तर अर्जात ती ओळ येणार नाही, आणि त्यात लपवाछपवी काहीही नाही. आईंना एकदा केंद्रात कुटुंबांच्या बैठकीला घेऊन जा. तिथे बसलेल्या बायकांमध्ये त्यांना त्यांची जुनी वर्षं दिसतील. स्थळाचं काय ते त्या नंतर स्वतःच बोलतील. त्यात मी पडत नाही.

उरले ते 60 जण. त्यांना पुन्हा फोन कर. तू दुपारी अकरा-बाराला, केंद्राच्या नंबरवरून केले असणार. तेव्हा कामावर असलेला माणूस मशिनवर असतो. सकाळी साडेसहाच्या आत कर, पहिल्या पाळीची बस येण्याआधी. संध्याकाळ नको. फोन बायकोनं किंवा मुलानं उचलला तर केंद्राचं नाव घेऊ नकोस, ‘मी अमुक, त्यांच्या ओळखीची, नंतर करते’ इतकंच. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या वेळी. कोणत्या दिवशी केला, कुणी उचलला, हे प्रत्येक नावापुढे लिही; काय म्हणाले ते वेगळ्या कागदावर. उचलून कुणी ‘हो ताई, पितोय पुन्हा’ म्हणालं, तर आधी त्याची विचारपूस कर. जेवलात का, झोप लागते का, परत यायचंय का. रकाना नंतर भर.